आपला म्हणायचा तर सगळाच

६ सप्टेंबर २०२३च्या संध्याकाळी लंडनमध्ये रॉक गायक फ्रेडी मर्क्युरीचा पियानो लिलावात गेला. ज्याच्यावर त्याने ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ बांधली, तो काळा यामाहा. किंमत आली सतरा लाख पौंडांच्या वर. मिशी विंचरायचा त्याचा चांदीचा कंगवा दीड लाख पौंडांना गेला. तीस-बत्तीस वर्षं जसंच्या तसं जपलेलं घर काही दिवसांत नगानगाने पांगलं. त्यातला काही पैसा एड्सविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांना गेला, हे चांगलंच झालं. पण मला डाचलं ते वेगळंच. त्या आठवड्यात माझ्या फोनवर एकच मजकूर फिरत होता: आपल्या पाचगणीच्या पोराचा पियानो बघा कितीला गेला! पाठवणाऱ्यांत दोघे असे होते, की ज्यांनी १९९१मध्ये त्याच्या मरणाची बातमी वाचून माझ्यासमोर नाक मुरडलं होतं.

सुरुवातीची वर्षं भराभर सांगतो, कारण ती आता सगळ्यांना पाठ आहेत. ५ सप्टेंबर १९४६ला झांझिबारमध्ये एका पारशी घरात जन्म. नाव फारोख बुलसारा, मूळ गाव गुजरातेतलं बुलसार, म्हणजे आजचं वलसाड. आठ वर्षांचा असताना आईवडिलांनी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवला. तिथे पियानो शिकला, ‘फ्रेडी’ झाला, मित्रांना घेऊन ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. १९६४मध्ये झांझिबारात क्रांती झाली आणि कुटुंब इंग्लंडला गेलं. तिथे कलाशाळेची पदविका, १९७०मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्याबरोबर ‘क्वीन’ हा बँड, पुढच्या वर्षी त्यात जॉन डीकन. १९७५मध्ये सहा मिनिटांना पाच सेकंद कमी असलेलं ते गाणं. एवढं लांब गाणं रेडिओवर कोण वाजवणार, असं म्हणत होते. ते इंग्लंडात नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

हे सगळं माझ्या अपरोक्ष घडलं. माझा फ्रेडी सुरू होतो १९८२पासून आणि संपतो १९९१ला.

मी वाईचा. पुण्याला कॉलेजात आलो तेव्हा वसतिगृहातल्या एका मुलाकडे क्वीनच्या गाण्यांची भरून घेतलेली कॅसेट होती. नव्वद मिनिटांची, मूळ कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी उतरवलेली. आवाजाच्या मागे सतत पाऊस पडल्यासारखी खरखर. तिच्यातून तो आवाज यायचा. आमच्या घरात भजन आणि नाट्यगीतं. सूर लावणं म्हणजे काय, हे मला कळत होतं. म्हणूनच मी चमकलो. हा माणूस ओरडत नव्हता, गात होता. खालच्या सुरात गोष्ट सांगावी तसा, आणि वर चढला की पात्यासारखा धारदार. रॉक म्हणजे गोंगाट, असं तेव्हा आमच्याकडचे जाणकार ठासून सांगत. त्यांतल्या कुणी एक गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं. ‘समबडी टू लव्ह’मध्ये तिघांचेच आवाज थरावर थर चढवून अख्खं गायनवृंद उभं केलं आहे, हे त्यांना ऐकवावं म्हणून मी टेपरेकॉर्डर घेऊन गेलो होतो. दोन मिनिटांत बंद करायला लावला.

आंधळी भक्ती मात्र मी केली नाही. १९८४च्या ऑक्टोबरात क्वीन दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला जाऊन गायले. वर्णद्वेषी राजवटीवर कलावंतांचा बहिष्कार असताना गेले. आपल्या पासपोर्टवर तेव्हा दक्षिण आफ्रिकेसाठी वैध नाही असा शिक्का असायचा, तो काळ. आपलं सरकार ज्या देशाला शिवत नाही तिथे हा, जन्माने आफ्रिकेतला आणि रक्ताने आपल्याकडचा माणूस, जाऊन गातो, याचा मला फार राग आला. आजही ती चूकच वाटते. त्यांच्या देशातल्या संगीतकारांच्या संघटनेने त्यांना दंड केला, ते योग्यच झालं.

मग १३ जुलै १९८५. इथिओपियातल्या दुष्काळासाठी वेम्बलीवर ‘लाइव्ह एड’. मी तो पुढच्या वर्षी पाहिला, भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर, एका मित्राच्या घरी, पडदे ओढून. क्वीनला मिळाली होती जेमतेम वीस-एकवीस मिनिटं. पांढरी बनियन, फिकी जीन्स, हातात बुडखा नसलेला माइकचा अर्धा दांडा. उन्हात बहात्तर हजार माणसं, आणि दिव्यांची आतषबाजी नाही. एका सुरावर त्याने सगळ्या मैदानाला आपल्यामागे गायला लावलं. कीर्तनकार ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणून मंडप हातात घेतो, ते मी लहानपणापासून पाहिलं होतं. तेच हे. मैदानातल्या शेवटच्या माणसालाही आपल्याकडेच बघतोय असं वाटावं, ही विद्या शिकवून येत नाही. पुढच्या वर्षी, ९ ऑगस्ट १९८६ला नेबवर्थला लाखाहून जास्त लोकांसमोर तो गायला. क्वीनबरोबरची ती त्याची शेवटची मैफल ठरली.

१९८७मध्ये एड्सचं निदान झालं. बाहेर कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे आपल्या शेजारी गोव्यात दिसलंच. १९८९मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाच्या रक्तात त्याच आजाराचा विषाणू सापडला. तो रक्तदान करत असे, म्हणून कळलं. त्याला पोलिसांनी धरून नेलं आणि क्षयरोग्यांच्या जुन्या इमारतीत ६४ दिवस कोंडून ठेवलं. कायद्यानेच. त्या काळात फ्रेडी गप्प राहिला म्हणून त्याला भित्रा म्हणणारे मला भेटले आहेत. त्यांनी डॉमिनिकची हकिकत एकदा वाचावी.

गप्प राहिला, पण हातातलं काम सोडलं नाही. मोन्सेरात कबाये या थोर ऑपेरा गायिकेबरोबर ‘बार्सिलोना’ केलं. ‘इन्युएन्डो’ तर शरीर खंगत असताना गायला, आणि त्यातला आवाज त्याच्या उमेदीतल्या आवाजापेक्षा मोठा आहे. २३ नोव्हेंबर १९९१ला त्याने निवेदन काढून आजार जाहीर केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेला. वय ४५. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हणून केले.

मृत्यूच्या बातमीतच मला पहिल्यांदा कळलं, की हा पाचगणीत शिकला होता. वाईहून पसरणीचा घाट चढलं की पाचगणी. माझ्या जन्माआधी त्याच धुक्यात तो पियानोवर बोटं टाकत होता, आणि दहा वर्षं मी त्याला परका समजून ऐकत होतो. मी ते हरखून सांगायला गेलो, तर ऐकायला मिळालं, ‘असल्या माणसांचं असंच व्हायचं. शाळेचं नाव कशाला खराब करता?’ त्याला पुरुषांवर प्रेम होतं आणि त्याला तो आजार झाला, म्हणून तो आपला नव्हता.

२०१८मध्ये त्याच्यावर सिनेमा आला, त्यातल्या नायकाला ऑस्कर मिळालं, आणि रातोरात तो आपला झाला. सिनेमाने पाचगणी दाखवलीच नाही, निदानाचं वर्ष ओढून लाइव्ह एडच्या आधी नेलं, त्याची कुणाला खंत नाही. आता थंडीत घाट चढून येणारे फ्रेडीची शाळा विचारतात, फाटकासमोर फोटो काढतात. गाणं ऐकतात ते पंधरा सेकंदांचं, मोबाइलवर. पाच मिनिटं पंचावन्न सेकंद बसून ऐकायचा धीर उरलेला नाही.

नव्वदीच्या दशकात आमच्या आळीतला एक ट्रकचालक फ्रेडीच्याच आजाराने गेला. त्याचं ताट वेगळं, पेला वेगळा, आणि शेवटी खांदा द्यायला चौघं जमेनात. आज औषधं आहेत, सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात, माणूस पुरं आयुष्य जगतो. तरीही गावोगाव आजार लपवूनच औषध आणावं लागतं.

म्हणून पाचगणीचा अभिमान मिरवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. फ्रेडी आपला म्हणायचा असेल तर सगळाच म्हणा: त्याचा आवाज, त्याची सन सिटीची चूक, त्याचं प्रेम आणि त्याचा आजारही. आणि तसाच आजार असलेलं कुणी तुमच्या गावात असेल, तर पुढच्या लग्नात त्याला पंगतीत आपल्या शेजारी बसवा.