कानपूरचं ‘प्रबल’, खडकीचं काडतूस

१८९६ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या स्मिथ अँड वेसन कंपनीने एक लहानसं रिव्हॉल्व्हर काढलं. त्यात कंपनीसाठी दोन गोष्टी नव्या होत्या. एक म्हणजे त्याचं काडतूस, .३२ एस अँड डब्ल्यू लाँग. दुसरी, ते भरण्याची तऱ्हा: सांगाडा जागच्या जागी अखंड राहायचा आणि सहा घरांचं सिलिंडर तेवढं डाव्या बाजूला बाहेर यायचं. या जोडीतलं काडतूस भारतात कधीच येऊन रुळलं. ते बाजूला उघडणारं सिलिंडर मात्र कानपूरच्या .३२ रिव्हॉल्व्हरमध्ये यायला २०२३ उजाडावं लागलं. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीने ‘प्रबल’ बाजारात आणलं. २०२१मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून ज्या सात कंपन्या झाल्या, त्यांतली ही एक. सव्वाशे वर्षांनी ती जोडी कानपूरच्या एका मुठीत आली.

जाहिरातीत भर होता तो ५० मीटरच्या पल्ल्यावर. वर्तमानपत्रांनीही तोच आकडा उचलला. रेंजवर हे रिव्हॉल्व्हर चालवून पाहिल्यावर मला वाटतं, त्या आकड्यापायी या यंत्राचा खरा गुण झाकला गेला आहे.

आधी .३२ विषयी. भारतातल्या परवानाधारकाकडे बहुतेक वेळा याच बोअरचं रिव्हॉल्व्हर का असतं, याचं उत्तर शस्त्रकायद्यात आहे. ९ मिलिमीटर, .३८, .४५५ हे सैन्याचे आणि पोलिसांचे बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध आहेत. उरतं ते मुख्यतः .३२. त्यामुळे आपल्याकडे या काडतुसाकडे नाइलाज म्हणून पाहिलं जातं, आणि ते मला पटत नाही. सुमारे सहा ग्रॅमची गोळी, सेकंदाला दोनशे मीटरच्या आसपास वेग, दारूचा दाब कमी. ताकदीच्या हिशेबात ते मवाळ आहे हे खरं. पण अचूकपणात त्याची बरोबरी करणारी काडतुसं थोडीच आहेत. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत जगभरचे नेमबाज वर्षानुवर्षं हेच काडतूस वापरत आले; त्यांची गोळी तेवढी सपाट तोंडाची असते, कागदाला स्वच्छ गोल भोक पाडणारी. भारताच्या जसपाल राणाने १९९४च्या हिरोशिमा आणि २००६च्या दोहा एशियाडमध्ये याच प्रकारात सुवर्णपदकं जिंकली. आणि ज्या वर्षी हे काडतूस निघालं, त्याच वर्षी न्यू यॉर्कच्या पोलीस मंडळाचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी आपल्या शिपायांसाठी कोल्टचं .३२ रिव्हॉल्व्हर ठरवलं होतं.

माझ्या डब्यातल्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरं आहेत. केएफ म्हणजे खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी, १८६९पासून चालू असलेली. पुण्यात राहणाऱ्या माणसाला तिची भिंत रोजची ओळखीची. आत काय होतं ते माहीत असतं, पण त्याचा विचार सहसा कुणी करत नाही. गोळी पुण्याची आणि रिव्हॉल्व्हर कानपूरचं, हे जुळलेलं मला आवडलं. खडकीचा कारखाना आता म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे आणि त्या कंपनीचं मुख्यालयही पुण्यातच आहे.

आता मूळ यंत्राकडे. कानपूरची आधीची .३२ रिव्हॉल्व्हरं इंग्रजी वेब्लीच्या घराण्यातली. वरची कळ दाबली की ती मधून मोडतात, नळी खाली झुकते आणि त्याच हालचालीत सगळ्या रिकाम्या पुंगळ्या उचलल्या जाऊन बाहेर पडतात. घोड्यावर बसलेल्या स्वाराला किंवा अंधारातल्या शिपायाला ही सोय मोठी होती. पण या रचनेत एक मूळचं दुबळेपण आहे. पुढची माशी नळीवर असते, आणि वेब्लीत मागची खाच त्या कळीवर असते. म्हणजे नेम धरण्याच्या दोन खुणा दोन वेगळ्या भागांवर, आणि मध्ये एक बिजागरी. हजारो वेळा उघडमीट झाली की सांधा झिजतो आणि खुणांचं आपसातलं नातं ढिलं पडतं. ‘प्रबल’मध्ये सांगाडा एकसंध असल्याने माशी आणि खाच एकाच अंगावर राहतात. मला विचाराल तर पल्ल्याच्या आकड्याआधी जाहिरातीत हे यायला हवं होतं.

वजन काडतुसांशिवाय सुमारे ७०० ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर, एकूण लांबी १७७.६ मिलिमीटर. २०१४ साली कानपूरहूनच आलेल्या ‘निर्भीक’चं वजन ५०० ग्रॅम होतं. दिल्लीतल्या २०१२च्या घटनेनंतर, ‘निर्भया’च्या नावाशी नातं सांगत, ते बायकांच्या पर्समध्ये मावेल असं म्हणून पुढे आणलं गेलं. बाईसाठी शस्त्र म्हणजे हलकं शस्त्र, हा हिशेब मला तेव्हाही चुकीचा वाटला होता. धक्का हा शेवटी वस्तुमानाचा मामला आहे: गोळी तीच, दारू तीच, तर हलकं रिव्हॉल्व्हर हातात जास्त उसळणार आणि पुढचा नेम धरायला जास्त वेळ लागणार. जास्तीचे दोनशे ग्रॅम दिवसभर बाळगताना जाणवतील. बार काढताना ते तुमच्या बाजूने असतात.

आणि ते तसे होते. रेंजवरचे आमचे प्रशिक्षक पोलीस दलातून निवृत्त झालेले. कुठलंही नवं शस्त्र आलं की ते आधी उघडून प्रकाशासमोर धरतात, सिलिंडर एकेक घर फिरवून प्रत्येक घर नळीच्या तोंडाशी नेमकं थांबतंय का ते पाहतात. मग त्यांनी मला बजावलं, “ताई, दुसऱ्या हाताची बोटं सिलिंडरच्या पुढे न्यायची नाहीत. तिथून आग निघते.” रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यात कागदाएवढी फट असावीच लागते, नाहीतर सिलिंडर फिरणार कसं? प्रत्येक बाराला त्या फटीतून तापलेला वायू दोन्ही बाजूंना फेकला जातो. पिस्तुलावर हात बसलेल्या माणसाला हे मुद्दाम सांगावं लागतं.

पहिले बार घोडा अंगठ्याने मागे ओढून, सिंगल ॲक्शनमध्ये, १० मीटरवरून. असं केलं की सिलिंडर आधीच फिरून बसलेलं असतं आणि ट्रिगरला एकच काम उरतं: घोडा सोडणं. बोट मागे जायला लागतं आणि बार झालेलाही असतो. आवाज बंद शेडमध्ये मोठा वाटतो, इअरमफमधूनही छातीला कळतो. धक्का मात्र ढकलल्यासारखा, मनगटाला न झोंबणारा. कागदावर भोकं एकमेकांजवळ पडली. ते श्रेय मी काडतुसाला आणि त्या अखंड सांगाड्याला देईन.

मग डबल ॲक्शन. इथे रिव्हॉल्व्हर तुम्हाला ओळखायला लागतं. एकाच ओढीत ट्रिगरला सगळं करायचं असतं: आतला पंजा सिलिंडर साठ अंशांनी फिरवतो, खिट्टी वर येऊन ते जागेवर धरते, मुख्य स्प्रिंग दाबत घोडा मागे जातो आणि टोकाला पोचून सुटतो. हा सगळा प्रवास तुमच्या एका बोटाच्या जोरावर होतो, आणि तो होईपर्यंत माशी खाचेत स्थिर राहिली पाहिजे. बोट अडखळलं तर नळी अडखळते. शेवटच्या क्षणी घाईने झटका दिला तर गोळी खाली जाते. नवं यंत्र असल्याने ओढ भरीव होती, पण सलग होती; मध्ये कुठे पायरी लागली नाही. पहिल्या फेरीतच ती लांबी बोटाला कळायला लागते, आणि मग हा प्रवास घाई न करता पुरा करण्यातच सगळी मजा आहे हे उमगतं.

प्रशिक्षकांनी मग एक जुना पोलिसी प्रकार केला. माझी पाठ फिरवायला लावली, दोन घरांत रिकाम्या पुंगळ्या आणि उरलेल्यांत काडतुसं भरली, सिलिंडर फिरवून बंद केलं आणि रिव्हॉल्व्हर टेबलावर नळी टार्गेटकडे करून ठेवलं. कुठल्या ओढीला बार होणार आणि कुठल्या ओढीला नुसती टकटक, हे नेमबाजाला माहीत नसतं. धक्क्याच्या धास्तीने हात आधीच आवळत असेल तर रिकाम्या घरावर नळी खाली डुबकी मारते आणि शेजारी उभ्या असलेल्या सगळ्यांना ती दिसते. या सरावाला रिव्हॉल्व्हरइतकं सोयीचं दुसरं शस्त्र नाही. पिस्तुलात बार झाला नाही की हाताने स्लाइड ओढावी लागते. इथे पुन्हा ट्रिगर ओढला की पुढचं घर हजर. शिकण्यासाठी रिव्हॉल्व्हर जुनाट झालं असं म्हणणाऱ्यांनी हा सराव एकदा करावा.

आता तो ५० मीटरचा आकडा. सेंटर फायर स्पर्धेच्या नियमांत पिस्तुलाचं वजन १४०० ग्रॅमपर्यंत आणि नळी १५३ मिलिमीटरपर्यंत चालते. ‘प्रबल’ दोन्ही मापांत त्याच्या निम्मं आहे. माशी आणि खाच यांच्यातलं अंतर साडेबारा सेंटिमीटर धरा. नेम धरताना त्यांच्यात एका मिलिमीटरचा फरक पडला तर १० मीटरवर गोळी ८ सेंटिमीटर सरकते. ५० मीटरवर तीच चूक ४० सेंटिमीटरची होते, आणि २५ मीटरच्या स्पर्धेतलं अख्खं काळं वर्तुळ २० सेंटिमीटरचं असतं. गोळी ५० मीटर जाते, त्याहून खूप पुढेही जाते. म्हणून तर रेंजच्या मागे मातीचा बांध लागतो. प्रश्न हाताचा आणि डोळ्याचा आहे. आखूड नळीच्या कुठल्याही रिव्हॉल्व्हरला हा हिशेब लागू आहे.

२०१६च्या शस्त्र नियमांनी परवान्याआधी सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण आवश्यक केलं, हे फार चांगलं झालं. पण प्रशिक्षणाचा दाखला मिळाल्यावर किती जण पुन्हा रेंजवर येतात? काडतुसं महाग, मोजून मिळणारी, परवान्यावर नोंदली जाणारी. सेंटर फायर शस्त्रं चालवता येतील अशा रेंजही थोड्या. परिणामी लाखाच्या वर किंमत मोजून घेतलेलं रिव्हॉल्व्हर कपाटात पडून राहतं, आणि ज्या बोटावर सगळी भिस्त ठेवायची त्याला त्या ट्रिगरची लांबीसुद्धा माहीत नसते. असं शस्त्र घरात असणं मला धोक्याचं वाटतं.

माझं मत असं: ‘निर्भीक’ असलेल्याने ते टाकून ‘प्रबल’ घेण्याचं कारण नाही, पण नव्याने .३२ घेणाऱ्याने एकसंध सांगाड्यासाठी आणि वजनासाठी हेच आधी पाहावं. १५ मीटरपर्यंत ते सरावाने उत्तम साथ देईल. त्यापुढचा भरवसा धरू नये. आणि ज्यांच्याकडे कुठलंही परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे, त्यांनी ते जवळच्या रायफल क्लबच्या रेंजवर न्यावं, प्रशिक्षकांकडून उघडून तपासून घ्यावं आणि वर्षातून काही वेळा तरी डबल ॲक्शनमध्ये चालवावं.