उपाशी सशाचं दुधाळ रक्त

सशाने खाणं टाकलं होतं. अंगावरचं मांस झडलं होतं. तरी त्याचं रक्त काढून ठेवलं की वरचा पातळ भाग दुधाळ दिसे, एवढी त्यात चरबी. उपाशी जिवाच्या रक्तात ती आली कुठून?

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी आणि कॅरोल राउझर या प्रश्नाशी झगडत होते. मूळ शोध आफ्रिकेतल्या गुरांच्या रोगाचा. त्सेत्से माशी चावते, ट्रिपॅनोसोम हा परजीवी रक्तात शिरतो आणि जनावर झिजत जातं. परजीवीच सगळं फस्त करत असणार, असं कुणालाही वाटेल. पण प्रयोगशाळेत हीच लागण केलेल्या सशांच्या अंगात परजीवी अगदी थोडे होते. आणि चरबी तर संपलीच नव्हती, रक्तात तशीच पडून होती!

1980 साली उलगडा झाला, निदान अर्धा. यकृतातून निघालेली चरबी लिपोप्रोटीनच्या कणांतून स्नायूंपर्यंत येते. तिथे केशवाहिन्यांच्या भिंतीवरचं लिपोप्रोटीन लायपेज हे एन्झाइम ती फोडतं, तेव्हा कुठे ती पेशींना मिळते. आजारी सशांत हे एन्झाइमच मंदावलं होतं.

मंदावलं कुणी? इथे मासानोबू कावाकामी यांचा प्रयोग मला सगळ्यात देखणा वाटतो. जिवाणूंच्या कवचातलं विष, एंडोटॉक्सिन, उंदरांना टोचलं तरी एन्झाइम तसंच उतरे. मात्र उंदरांचा एक वाण असा होता, की त्याला हे विष जन्मतःच बाधत नसे. विष टोचलेल्या साध्या उंदरांचा रक्तद्रव या वाणाच्या उंदरांना दिला, आणि त्यांचंही एन्झाइम घसरलं! म्हणजे हुकूम विषाचा नव्हता. उंदराच्या स्वतःच्या शरीरातून सुटला होता. तो सोडणाऱ्या पेशी निघाल्या मॅक्रोफेज, रोगाशी लढणाऱ्या. त्या द्रव्याला नाव मिळालं कॅकेक्टिन.

1985 मध्ये ब्रूस बॉयटलर यांनी ते शुद्ध केलं आणि रचना ताडून पाहिली, तर ओळखीचीच निघाली. समोरच्याच स्लोन केटरिंग संस्थेत 1975 साली गाठी मारणारं म्हणून सापडलेलं ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर ते हेच. नाव तेच टिकलं. कॅकेक्टिन मागे पडलं.

त्याच वर्षी या द्रव्याविरुद्धची प्रतिपिंडं आधी देऊन उंदरांना एंडोटॉक्सिनच्या मरणातून वाचवता आलं. माणसांच्या सेप्सिसमध्ये, म्हणजे अंगभर भिनलेल्या जंतुसंसर्गात, मात्र ही युक्ती फसली. फळली ती संधिवातात. पुढे हेही कळलं, की संसर्गाच्या वेळी यकृत स्वतःही जास्त चरबी रक्तात सोडतं.

माणसांतही मोठी इजा, भाजणं, सेप्सिस यांत रक्तातली ही चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, चढतं आणि कोलेस्टेरॉल उतरतं. म्हणून आयसीयूत शिरेतून चरबीचं सलाइन चालू असलं, की डॉक्टर मधूनमधून ट्रायग्लिसराइड तपासतात. फार चढलं तर सलाइन कमी करतात किंवा थांबवतात.