हरळी आणि लव्हाळा : गोल्फ मैदानावरील हिरवळीची ऋतुमानानुसार निगा व तणनियंत्रण

लव्हाळा आणि हरळी ह्या दोन वनस्पती दख्खनच्या शेतकऱ्यास सारख्याच अप्रिय आहेत, आणि त्याचे हे मत तज्ज्ञांच्या मताशी जुळणारे आहे. लेरॉय होल्म व त्यांचे सहकारी ह्यांनी १९७७ साली जगातील सर्वांत उपद्रवी तणांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातील क्रमवारीत पहिले स्थान लव्हाळ्यास, म्हणजे सायपेरस रोटंडस ह्या वनस्पतीस, आणि दुसरे हरळीस, म्हणजे सायनोडॉन डॅक्टिलॉन ह्या तृणास दिलेले आहे. असे असता, उष्ण प्रदेशांतील बहुसंख्य गोल्फ मैदानांवर जी हिरवळ जोपासली जाते ती ह्याच हरळीची किंवा तिच्या संकरांची असते, आणि लव्हाळा हा तेथील प्रमुख शत्रू मानला जातो. शेतकरी हरळीच्या ज्या काशा उन्हाळी नांगरटीनंतर वेचून उन्हात वाळवितो, त्याच काशा मैदानाची व्यवस्था पाहणारा मोल देऊन आणवितो व लावतो. गणेशपूजेत हीच वनस्पती दूर्वा ह्या नावाने मान पावते. यावरून हे उघड होते की, ‘तण’ ही संज्ञा वनस्पतीच्या जातीपेक्षा तिच्या स्थानाशी अधिक निगडित आहे.

गोल्फ मैदानावरील तणनियंत्रणाचा विचार ह्या दृष्टीने केला म्हणजे त्याचे खरे स्वरूप स्पष्ट होते. हव्या असलेल्या तृणास वर्षाच्या प्रत्येक ऋतूत इतर वनस्पतींवर वरचढ ठेवणे हे त्याचे मुख्य कार्य होय. तणे प्रत्यक्ष मारण्याचे काम त्यामानाने दुय्यम ठरते. साहजिकच एका हवामानासाठी तयार केलेले वेळापत्रक दुसऱ्या हवामानात जसेच्या तसे नेता येत नाही. प्रस्तुत लेखात पुण्याभोवतालच्या पठारी हवामानाच्या संदर्भात ह्या तत्त्वाचे विवेचन केले आहे.

कापणी : एक निवड करणारी शक्ती

गोल्फ मैदानाचे स्थूलमानाने तीन भाग पडतात. ज्या गुळगुळीत पृष्ठभागावर चेंडू घरंगळत खळग्यात घालावयाचा असतो तो ‘ग्रीन’. तेथील तृण सामान्यतः ३ ते ५ मिलिमीटर उंचीवर कापतात. चेंडू ज्या रुंद पट्ट्यातून पुढे न्यावयाचा तो ‘फेअरवे’. तेथे ही उंची सुमारे १२ ते १५ मिलिमीटर असते. दोन्ही बाजूंच्या ‘रफ’मध्ये तृण ४० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक वाढू दिले जाते. एकाच मैदानावर अशा तीन भिन्न परिस्थिती निर्माण होत असल्यामुळे तणांचे समाजही तीन प्रकारचे आढळतात.

तृणाचा वाढबिंदू जमिनीलगत असतो, आणि हरळीच्या जमिनीवर पसरणाऱ्या खोडांना व भूमिगत काशांना प्रत्येक पेरापाशी नवे धुमारे व मुळे फुटू शकतात. त्यामुळे वारंवार कापणीने हरळीची हानी न होता ती अधिक दाट होते. उलट माठासारखी उभी वाढणारी तणे शेंडा छाटला गेल्याने लवकरच नाहीशी होतात. १९५५ साली पुण्यात प्रथम आढळलेले गाजरगवतदेखील वारंवार कापल्या जाणाऱ्या दाट हिरवळीत क्वचितच शिरकाव करते. त्याचे वास्तव्य रफच्या कडा व पडीक कोपरे येथेच असते. कापणीच्या चाळणीतून शिल्लक राहतात ती जमिनीला चिकटून वाढणारी तणे: नायटी, आंबुशी, रानमेथी, घोळ, आणि नाचणीच्या कुळातील इल्यूसाइन इंडिका हे चिवट गवत.

तथापि कापणीस मर्यादा आहे. एका वेळी पात्याच्या उंचीच्या एकतृतीयांशाहून अधिक भाग काढू नये असा सर्वमान्य नियम आहे. ४ मिलिमीटर उंची राखावयाची असेल तर तृण ६ मिलिमीटर होताच कापले पाहिजे. भर वाढीच्या दिवसांत ह्याचा अर्थ रोजची कापणी असा होतो. पाने जितकी आखूड तितके अन्न कमी तयार होते, आणि मुळे तितकीच उथळ राहतात. म्हणजे ग्रीनवरील तृण सदैव क्षीणतेच्या काठावर असते, आणि त्याच्या निगेतील किंचित चूकही तणास वाट करून देते.

ग्रीनसाठी साध्या हरळीऐवजी बहुधा संकरित हरळी लावतात. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन ह्यांनी सायनोडॉन डॅक्टिलॉन व आफ्रिकेतील सायनोडॉन ट्रान्सव्हालेन्सिस ह्यांच्या संकरांवर काम करून टिफग्रीन हे वाण १९५६ साली व टिफवे हे १९६० साली प्रसृत केले. (बर्टन ह्यांच्याच टिफ्ट २३ए ह्या नर-वंध्य बाजरीवरून १९६५ साली भारतातील एचबी-१ हा संकरित बाजरीचा वाण सिद्ध झाला.) ३६ व १८ गुणसूत्रांच्या मातापित्यांपासून झालेली ही संतती २७ गुणसूत्रांची, अर्थात वंध्य असते, तिचे बी मिळत नाही, आणि लागवड कांड्यांनीच करावी लागते. येथे एक विलक्षण स्थिती उद्भवते. अशा संकरित ग्रीनमध्ये शेजारची साधी हरळी शिरली की तीच तण ठरते, आणि दोहोंचे नाते इतके निकटचे असते की एकीस मारून दुसरीस राखील असे रसायन व्यवहारात उपलब्ध नाही. स्वच्छ यंत्रे, निर्भेळ कांड्या आणि ग्रीनच्या कडांची नियमित छाटणी हाच त्यावर उपाय होय.

उन्हाळा : वाढ आणि पाणी

हरळी ही उष्णताप्रिय असून तिची वाढ २७ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात उत्तम होते. फेब्रुवारीअखेरीपासून तिला जोम येतो. ह्या वेळी जमिनीत पोकळ दातांनी छिद्रे पाडणे, वाळलेल्या खोडामुळांचा साचलेला थर उभ्या पात्यांनी विरळ करणे, बारीक वाळूचा पातळ थर पसरणे व नत्र देणे ही कामे केली असता झालेल्या जखमा लवकर भरून येतात. हीच कामे डिसेंबरात केल्यास उघडी पडलेली जमीन कित्येक आठवडे तशीच राहते, आणि तिचा लाभ तणांस होतो.

उन्हाळ्यातील खरा प्रश्न पाण्याचा आहे. एक हेक्टर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. हिरवळीची दैनिक गरज ५ मिलिमीटर धरल्यास २० हेक्टर क्षेत्रास रोज १० लाख लिटर पाणी लागते. अवर्षणप्रवण प्रदेशात एवढ्या पाण्याचे समर्थन करणे सोपे नाही. म्हणूनच प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा वापर आणि ओलिताखालील क्षेत्राचा संकोच ह्या गोष्टींना तांत्रिक महत्त्वाबरोबर सामाजिक महत्त्वही आहे. सुदैवाने हरळी क्षारता बऱ्याच प्रमाणात सहन करते. शिवाय पाण्याची काटकसर आणि तणनियंत्रण ह्यांत विरोध नाही. रोज थोडे थोडे पाणी दिल्याने पृष्ठभाग सतत ओला राहतो, हरळीची मुळे वरच रेंगाळतात, आणि लव्हाळ्यास व इल्यूसाइनच्या बियांना अनुकूल परिस्थिती मिळते. फेअरवेवर खंड देऊन खोलवर पाणी देणे ह्याच कारणास्तव श्रेयस्कर होय.

तणांच्या उगवणीचा काळही ओलितावर अवलंबून असतो. समशीतोष्ण प्रदेशांत डिजिटेरियासारखी वार्षिक तृणतणे वसंतात जमिनीचे तापमान सुमारे १३ अंशांपर्यंत चढले की रुजू लागतात, आणि तेथील वेळापत्रके ह्या खुणेवर आधारलेली असतात. पठारावर हिवाळ्यातही जमीन बहुधा इतकी थंड होत नसल्यामुळे ती खूण निरुपयोगी ठरते. येथे ओल हीच निर्णायक असते. ओलिताखालील ग्रीन व फेअरवे येथे फेब्रुवारी-मार्चपासूनच उगवण वेग घेते. कोरड्या रफमध्ये ती वळवाच्या किंवा मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसापर्यंत थांबते. एकाच मैदानावर उगवणपूर्व तणनाशकाच्या दोन निरनिराळ्या वेळा का असाव्यात, हे यावरून ध्यानात येईल.

पावसाळा : प्रकाशाची उणीव आणि घट्ट झालेली जमीन

पावसाळा हा हरळीस सुखाचा काळ असावा असा सर्वसाधारण समज आहे. तो अंशतःच खरा आहे. हरळीस छाया मानवत नाही. आठवड्यांमागून आठवडे आकाश अभ्राच्छादित राहिले की तिची पाने लांबट व नाजूक होतात, आणि तिची घनता घटते. काळ्या चिकण जमिनीत वाफसा नसताना यंत्र फिरविल्यास माती दाबली जाते, मुळांना हवा मिळेनाशी होते; आणि वाफशाची वाट पाहत कापणी लांबविल्यास नंतर एकदम खोल कापणी होऊन हिरवळीत उघडी टक्कले पडतात. अशा दाबलेल्या, उघड्या जागी इल्यूसाइन प्रथम प्रवेश करते. पायवाटा व यंत्रांची वळणे येथे ते हमखास दिसते. जमीन घट्ट झाल्याची ती जणू नोंदच होय.

यावरील उपाय मुख्यतः स्थापत्याचे आहेत. युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशनने १९६० साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत ग्रीनचा सुमारे ३० सेंटिमीटरचा वाळूप्रधान थर खडीच्या थरावर बसविलेला असतो, त्यामुळे जास्तीचे पाणी निघून जाते व आवश्यक तेवढे धरून ठेवले जाते. फेअरवेवर चर व उतार ह्यांवर भिस्त ठेवावी लागते. पावसाळ्यात कापणीची उंची किंचित वाढविणे व नत्र अल्प मात्रेत विभागून देणे हेही हितावह असते.

ह्याच ऋतूत लव्हाळा बळावतो. त्याच्या भूमिगत कंदांची साखळी असते, आणि टोकाच्या कोंभाच्या प्रभावामुळे साखळीतील इतर कंद सुप्त राहतात. खुरप्याने वरचा कोंभ तोडला किंवा साखळी तुटली की हा प्रभाव संपतो आणि सुप्त कंद अंकुरतात. निंदणीनंतर लव्हाळा ‘वाढला’ असे जे दिसते, त्याचे कारण हेच. उगवणीनंतर काही आठवड्यांतच नवे कंद धरू लागतात. म्हणून उपाययोजना रोप कोवळे असतानाच झाली पाहिजे. पानांतून कंदापर्यंत पोचणारी हॅलोसल्फ्युरॉनसारखी तणनाशके येथे उपयोगी पडतात, परंतु सुप्त कंदांपर्यंत ती पुरेशी पोचत नाहीत, आणि पुन्हा फवारणी करावी लागते.

हिवाळा : विसावा, परंतु निद्रा नव्हे

सप्टेंबरअखेर व ऑक्टोबरात ऊन आणि ओल एकत्र लाभतात, आणि हरळीस वाढीची दुसरी संधी मिळते. पावसाळ्यातील टक्कले ह्याच वेळी भरून घ्यावीत, आणि पालाशाची मात्रा द्यावी. त्यानंतर तापमान उतरू लागले की वाढ मंदावते.

अमेरिकेच्या ज्या भागांत कडक थंडीने हरळी पूर्णपणे सुप्त होते, तेथे तपकिरी हिरवळीवर हिवाळ्यात ग्लायफोसेट फवारून पोआ ॲन्युआ हे हिवाळी तण मारण्याची रीत रूढ झाली. पुण्याच्या हिवाळ्यात हरळीची वाढ मंद होते, पण ती पूर्णपणे सुप्त होत नाही. तिच्यात हिरवी पाने शिल्लक असतात. तीच फवारणी येथे केल्यास तणाबरोबर हिरवळीचाही नाश होईल. ऋतूचे नाव तेच असले तरी वनस्पतीची अवस्था तीच असेल असे नाही, ह्याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

तणनाशकांचे सामर्थ्य व मर्यादा

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आलेले २,४-डी हे रुंद पानांच्या तणांवर परिणामकारक असून तृणांस बहुतांशी अपाय करीत नाही. नायटी, रानमेथी अशांसाठी ते उपयुक्त आहे. पेंडिमेथॅलिनच्या वर्गातील उगवणपूर्व तणनाशके कोवळ्या मुळांतील पेशीविभाजन रोखतात. परंतु हरळीच्या पेरांतून फुटणाऱ्या नव्या मुळांनाही त्यांची झळ पोचते, म्हणून नव्या लागवडीवर किंवा टक्कले भरत असता ती वापरू नयेत. आर्सेनिकयुक्त एमएसएमएच्या वापरावर २००९ पासून अमेरिकेत कडक निर्बंध आले, कारण आर्सेनिक भूजलात उतरण्याचा धोका लक्षात आला.

याहून गंभीर मर्यादा प्रतिकारक्षमतेची आहे. पेंडिमेथॅलिनच्या वर्गास न जुमानणारे इल्यूसाइन दक्षिण कॅरोलिनातील कापसाच्या शेतांत १९७३ साली आढळले. ट्यूब्युलिन ह्या प्रथिनातील एका अमिनो आम्लाच्या बदलामुळे हे घडते, असे १९९८ मध्ये सिद्ध झाले. ग्लायफोसेटला दाद न देणारे पोआ ॲन्युआही पुढे अमेरिकेतील गोल्फ मैदानांवर सापडले. एकच रसायन वर्षानुवर्षे वापरणे म्हणजे कापणीप्रमाणेच एक चाळणी लावणे होय; तिच्यातून शेवटी तेच तण शिल्लक राहते ज्यावर त्या रसायनाचा उपाय चालत नाही.

उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा की, हिरवळीवर दिसणारे तण हे बहुधा आधीच घडलेल्या एखाद्या चुकीचे लक्षण असते. लव्हाळा साचलेल्या ओलीकडे, इल्यूसाइन दाबलेल्या जमिनीकडे आणि रानमेथी नत्राच्या उणिवेकडे बोट दाखविते. ही कारणे तशीच ठेवून केलेली फवारणी फार तर एका हंगामापुरती उपयोगी पडते. दाट व निरोगी हरळीच्या खाली बियांना प्रकाश मिळत नाही, आणि एवढ्या एका गोष्टीने जे साधते ते कोणत्याही रसायनास साधत नाही. जी हरळी शेतात शेतकऱ्याचे श्रम वर्षानुवर्षे वाया घालविते, तिची तीच चिकाटी येथे उपकारक ठरते. मात्र ती टिकविण्यासाठी पंचांगापेक्षा तापमान, प्रकाश, ओल आणि वाफसा ह्यांकडे पाहण्याची सवय मैदानाच्या व्यवस्थापकास असावी लागते.