चेंडू पडतो तेव्हा

सुट्टीत मोबाइलवर स्टॉप मोशन फिल्म करू लागलेल्या एका शाळकरी वाचकाने विचारलंय: मातीचा चेंडू टेबलावरून पाडला, सेकंदाला बारा फोटो ठेवले, तरी तो पडल्यासारखा न वाटता दोरीने खाली सोडल्यासारखा का वाटतो?

बहुधा प्रत्येक फोटोला तू तो सारखाच सरकवलास. गॅलिलिओने उतारावरून गोळे सोडून दाखवलं, की समान वेळांतली अंतरं १, ३, ५, ७ अशी वाढत जातात. बारा फोटोंच्या हिशेबात चेंडू आधी साडेतीन सेंटीमीटर पडेल, मग दहा, सतरा, चोवीस. पाचव्या फोटोला तो जमिनीवर! चारशे वर्षांपूर्वीची ही विषम संख्यांची पट्टी आजही ॲनिमेटरला पुरते, याची मला फार गंमत वाटते. कागद जमिनीवर पसर, त्यावर या मापांच्या खुणा कर आणि फोटो वरून घे; म्हणजे चेंडू हवेत टांगायला नको. मोबाइलचा फोकस आणि प्रकाश लॉक कर, खिडकीचा पडदा ओढ. नाहीतर ढग आला की फिल्म लुकलुकते.

स्थिर फोटो हलल्यासारखे दिसण्याचं श्रेय ‘दृष्टिसातत्या’ला देण्याची जुनी सवय मात्र सोडायला हवी. डोळ्यात आधीचं चित्र रेंगाळलं, तर चित्रांचा काला होईल. चेंडू हलणार नाही. हालचाल मेंदू रचतो. मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्थायमरचा यावरचा गाजलेला निबंध १९१२चा.

त्याच वर्षी दादासाहेब फाळके कुंडीतल्या वाटाण्यासमोर कॅमेरा लावून बसले होते. ‘अंकुराची वाढ’ या फिल्मसाठी त्यांनी महिनाभर रोज एकच चित्र घेतलं, असं सांगतात. पण तीस चित्रं दोन सेकंदांत संपतात. मिनिटभराच्या या फिल्मला त्या काळच्या वेगानेही हजारभर लागतील. कथेपेक्षा त्यांची मेहनत बरीच मोठी असणार. ती फिल्म पाहून ‘राजा हरिश्चंद्र’ला भांडवल मिळालं, एवढं आपण लक्षात ठेवतो.

वाटाण्याने किती वाढायचं ते वाटाणाच ठरवत होता. १९१५च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये मात्र प्रत्येक काडी किती सरकवायची, हे फाळक्यांना ठरवावं लागलं. तुझ्यासारखंच. ती फिल्म आज उपलब्ध नाही. चेंडू जमला, की आगपेटी घे. गुल आधी मोडून टाक.