चालू स्थितीतील मिक्सर विकणे आहे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मामांकडे गेलो होतो. तालुक्याच्या गावी त्यांचा साउंड सर्व्हिसचा व्यवसाय आहे. रात्री जेवणे झाल्यावर ते म्हणाले, “तू मराठी विषय घेतलायस ना? मग मला एक जाहिरात लिहून दे. चांगली झाली पाहिजे.” मी लिहिले, ‘चालू स्थितीतील २४ चॅनेलचा अ‍ॅनालॉग मिक्सर, रॅक व केबलसह विकणे आहे.’ मामांनी ती जाहिरात मोबाईलवरून जिल्हाभरच्या साउंडवाल्यांना पाठविली. महिन्याभरात दोनच फोन आले. एक भंगारवाल्याचा होता. त्याने फक्त वजन विचारले. दुसरा, मामांच्याच हाताखाली तयार झालेल्या एका मुलाचा. तो म्हणाला, “अण्णा, फुकट दिलात तरी ठेवू कुठे?”

हा संच मामांनी २००३ साली कर्ज काढून, तीन लाखांच्या घरात घेतला होता. आजही सुरू केला की आवाज खणखणीत येतो. मग त्याला गिऱ्हाईक का मिळू नये? या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे समजले, ते येथे थोडक्यात मांडीत आहे.

प्रथम ‘अ‍ॅनालॉग’ म्हणजे काय ते पाहू. मायक्रोफोन आवाजाचे विजेच्या लहरीत रूपांतर करतो. अ‍ॅनालॉग यंत्रात ती लहर शेवटपर्यंत लहरच राहते. डिजिटल यंत्रात तिचे आकडे बनतात आणि पुढचे सारे काम गणिताने चालते. हा भेद केवळ तात्त्विक वाटेल. परंतु त्याचे परिणाम थेट हमालीपर्यंत पोहोचतात. अ‍ॅनालॉग मिक्सरमध्ये प्रत्येक माइकसाठी बटनांची स्वतंत्र ओळ लागते. आवाजाचे चढउतार आवरणारा कॉम्प्रेसर, शिट्टी मारणारा स्वर नेमका कापणारा ३१ पट्ट्यांचा इक्वलायझर, घुमारा देणारे यंत्र, हे सारे वेगळे डबे. ते लोखंडी रॅकमध्ये बसवायचे. स्टेजपासून प्रेक्षकांच्या मागपर्यंत अंगठ्याहून जाड केबल ओढायची, कारण तीत प्रत्येक माइकसाठी तारांची वेगळी जोडी असते. डिजिटल मिक्सरच्या पोटात हे सगळे डबे सामावलेले असतात. स्टेजवर एक जोडपेटी ठेवली की संगणकाला लावतात तसली एक बारीक केबल पुरते. शिवाय त्याला स्मरणशक्ती असते. सकाळी एका नाट्यगृहात आणि रात्री दुसऱ्या गावी प्रयोग करणाऱ्या नाटकाला प्रत्येक प्रवेशाची मांडणी एका बटनावर परत मिळते. ही सोय किती मोठी आहे हे वेगळे सांगायला नको.

तरीही हा बदल एका रात्रीत झाला नाही. यामाहा कंपनीचा एम-सेव्हन-सीएल हा डिजिटल मिक्सर २००५ साली आला. पण तो घेणे मोठ्या मंडळींनाच शक्य होते. मोठे साउंडवाले डिजिटलकडे वळले की त्यांचा जुना माल मधले घेत, मधल्यांचा जुना माल लहान घेत. जुन्या मालाचा बाजार म्हणजे अशी एक शिडीच असते. २०१२ साली बेहरिंगर या मूळच्या जर्मन कंपनीचा एक्स-३२ बाजारात आला: ३२ माइकची सोय, वजन सुमारे वीस किलो, किंमत सुमारे तीन हजार डॉलर. आता अगदी खालच्या पायरीवरचा माणूसही नवेच घेऊ लागला आणि शिडीच मोडली. मामांना कळले तेव्हा उशीर झाला होता.

दुसरी अडचण विश्वासाची. जुन्या यंत्रातले कपॅसिटर उष्णतेने सुकतात, फेडरमध्ये धूळ बसून खरखर येते. वरून यंत्र झकास दिसले तरी आतले दुखणे तासभर चालविल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी गिऱ्हाइकाने लांबून यायचे, आणि सौदा जमलाच तर टेम्पोचे भाडे व चार हमाल! कधीकधी हा खर्च मालाच्या किमतीएवढा होतो.

जुने ते सारेच मातीमोल होते, असे मात्र नाही. १९७० साली निघालेल्या नीव्ह १०७३ या ध्वनिमुद्रणाच्या मिक्सरमधील जुन्या पट्ट्यांना आजही चढा भाव आहे. कारण स्टुडिओत त्या एका जागी बसून आपला विशिष्ट आवाज देतात, त्यांना रोज टेम्पोत चढावे लागत नाही. शुअर एसएम-५८ हा माइक १९६६ पासून बनतो आहे आणि नव्या डिजिटल मिक्सरलाही तोच लागतो. म्हणून जुना असला तरी तो विकला जातो. अर्थशास्त्राच्या तासाला आपण उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य यांतला फरक शिकतो. त्याचा खरा अर्थ मला मामांच्या गोडाऊनमध्ये उमगला. वस्तूचा गुण वस्तूत असतो. किंमत मात्र तिच्याभोवतीच्या व्यवहारात असते. व्यवहार बदलला की गुण तसाच राहतो आणि किंमत निघून जाते.

मग विकणाऱ्याने करावे तरी काय? मामांच्या अनुभवातून चार गोष्टी सांगता येतील. संच एकगठ्ठा विकू नये. माइक, स्टँड, केबल सुटे काढावे. यंत्र बंद ठेवू नये. महिन्यातून एकदा तरी चालवावे. गिऱ्हाइकापुढे ते वाजवून दाखवावे आणि दोष आपणहून सांगावा. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: आपण काय दिले होते ते विसरून, घेणाऱ्याला त्यापासून काय मिळेल ते पाहावे. मामांना ही शेवटची गोष्ट फार जड गेली.

माइक व स्टँड आठ दिवसांत गेले. मिक्सरसाठी जवळच्या एका हायस्कूलने विचारणा केली. तेथे तो सभागृहात एकदा बसला की पुन्हा हलवायचा नाही. वजनाचा प्रश्नच मिटला. शिवाय त्यात एका बटनाला एकच काम, त्यामुळे शिकणाऱ्याला सोपा. शाळेने टेम्पोचे भाडे तेवढे दिले. स्नेहसंमेलनाच्या दिवशी नववीची एक मुलगी मिक्सरवर बसली होती. पाहुण्यांच्या भाषणात माइकने शिट्टी मारली, तेव्हा मागे उभे असलेले मामा पुढे झाले. पण तिने योग्य फेडर आधीच खाली ओढला होता. घरी येताना मामा म्हणाले, “हिशेबाच्या वहीत तो मिक्सर आज काढून टाकतो.” त्यावर मी काहीच बोललो नाही.