मेळावा विक्रेत्यांचा, कसोटी यजमानांची

दिवाळी सरते, नव्या वह्यांचे पूजन होते आणि व्यापारी गावांतील मंगल कार्यालये लग्नाव्यतिरिक्त आणखी एका समारंभासाठी राखून ठेवली जाऊ लागतात. उत्पादक कंपनी आणि तिचा जिल्हा वितरक यांनी मिळून भरवलेला हा विक्रेता मेळावा असतो. पंप, पाइप, रंग, सिमेंट, विद्युत साहित्य, बी-बियाणे अशा कोणत्याही मालाच्या व्यवसायात आज हा वार्षिक मेळावा रूढ झाला आहे. त्यावर लाखोंचा खर्च होतो. तरीही पुष्कळ मेळाव्यांनंतर पाहुण्यांच्या स्मरणात जेवणातील गोडाचा पदार्थ तेवढा उरतो आणि यजमानांच्या हाती देयकांची चळत.

वस्तुतः या एका दिवसात पेढीचे फार मोठे भांडवल पणाला लागलेले असते. उधारीवर चालणाऱ्या व्यापारात विक्रेता मालाबरोबर वितरकाचा शब्दही विकत घेत असतो. सांगली-जयसिंगपूर भागातील एखादी पेढी उदाहरणादाखल डोळ्यांपुढे आणावी. पंप आणि पाइपांचे वितरण, २०० विक्रेते, तीस वर्षांचा व्यवहार. या तीस वर्षांत विक्रेत्यांनी ‘अण्णांचा शब्द’ प्रमाण मानला. आता अण्णांनी सत्तरी गाठली आहे आणि कारभार मुलगा, कन्या किंवा सून यांच्या हाती जाऊ लागला आहे. दोनशे दुकानदार पुढच्या पिढीला एकत्र पाहतात, पारखतात, तो हाच दिवस. पेढीचे नाव वारशाने मिळते. पत मात्र प्रत्येक पिढीला नव्याने कमवावी लागते.

हेतू आधी, मंडप नंतर

नियोजनाचा आरंभ सजावटीपासून न करता हेतूपासून करावा. नव्या मालाची ओळख, जुन्या हिशेबांची सफाई आणि नव्या पिढीचा परिचय असे तीन हेतू कागदावर लिहावेत आणि प्रत्येक खर्च त्यांपैकी कशासाठी आहे, हे विचारावे. ज्या खर्चाला उत्तर सापडत नाही, तो गाळावा. अंदाजपत्रकात सभागृह, भोजन, प्रवास व निवास, ध्वनी व प्रकाश, छपाई, भेटवस्तू, मनुष्यबळ आणि कर अशी स्वतंत्र शीर्षके असावीत; एकूण रकमेच्या दहा टक्के अनपेक्षित खर्चासाठी बाजूला असावेत.

तारीख निवडताना पाहुण्यांची सोय आधी पाहावी. जीएसटीची मासिक विवरणपत्रे भरणाऱ्यांना ११ आणि २० या तारखांच्या आसपास उसंत नसते. विक्रेत्यांच्या गावचे आठवडे बाजार, लग्नाच्या दाट तिथी आणि हंगामाची गर्दीही टाळावी. डिसेंबरात सांगली भागात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. सकाळी साडेदहाला आरंभ, चारला समारोप आणि पाचपर्यंत सायंभोजन अशी आखणी केली, तर सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांचा नेम सांभाळला जातो आणि जत किंवा अथणीहून आलेला विक्रेताही वेळेत घरी पोहोचतो.

माणसांचा हिशेब

मेळाव्याला किती माणसे लागतील, याचे उत्तर बहुधा अंदाजाने दिले जाते. ते गणिताने द्यावे. नोंदणीचेच उदाहरण घ्या. दोनशेपैकी १२० पाहुणे दहा ते साडेदहा या अर्ध्या तासात येतील असे धरू. यादीत नाव शोधणे, भ्रमणध्वनी क्रमांक लिहून घेणे, नावाची पट्टी आणि पिशवी देणे यांस दीड मिनिट लागत असेल, तर काम १८० मिनिटांचे झाले. अर्ध्या तासात ते उरकण्यास सहा टेबले लागतील. हीच पट्टी आधी छापून पिशवीत घालून ठेवली आणि पिशव्या तालुक्यानुसार लावल्या, तर प्रत्येकी अर्धे मिनिट पुरते. मग दोन टेबलांत काम भागते. ऐनवेळी आलेल्यांसाठी तिसरे ठेवावे. आदल्या दिवशीच्या तयारीने सहाऐवजी तीन माणसे पुरली.

भोजनाचेही तसेच. एका रांगेतून मिनिटाला चार पाहुणे पुढे सरकतात असे मानले, तर दोनशे पाहुण्यांना पन्नास मिनिटे लागतील आणि शेवटच्याच्या ताटात गार अन्न पडेल. दोन्ही बाजूंनी वाढून घेता येईल अशी दोन लांब टेबले मांडली की चार रांगा होतात आणि सुमारे तेरा मिनिटांत सर्वांच्या हाती ताट येते. प्रत्येक रांगेला चार याप्रमाणे सोळा वाढपी, भांडी पुन्हा भरणारे चार, पाणी देणारे चार आणि ताटे उचलणारे सहा असे तीस जण येथे हवेत.

याखेरीज समन्वयक एक, वाहनतळावर चार, मंच व ध्वनी यांसाठी तीन, स्वच्छतेसाठी चार, हिशेब कक्षात चार, प्रथमोपचारासाठी एक आणि कोठेही धावून जाण्यासाठी मोकळे दोन. नोंदणीच्या तिघांसह ही बेरीज बावन्नवर जाते. पेढीचे सहा विक्री प्रतिनिधी या मोजणीबाहेर ठेवले आहेत आणि ते हेतुपुरस्सर. वर्षभर दुकानोदुकानी फिरणारा प्रतिनिधीच पाहुण्यांना नावाने ओळखतो. त्याला पाण्याच्या बाटल्या वाटण्यास लावणे म्हणजे मेळाव्याचा हेतूच हरवणे. त्याने आपापल्या तालुक्याच्या विक्रेत्यांसोबत बसावे, त्यांची गाठ नव्या मालकांशी घालून द्यावी आणि कोण नाराज आहे, ते यजमानांच्या कानी घालावे.

सामाजिक उत्सवांत स्वयंसेवकांच्या बळावर मोठमोठी कार्ये पार पाडण्याची सवय समाजाला आहे. तेथे ‘सगळे मिळून करू’ हे शोभते. व्यापारी मेळाव्यात मात्र सगळ्यांचे काम ते कोणाचेच नसते. म्हणून कामांचा तक्ता करावा आणि प्रत्येक कामापुढे एकच नाव लिहावे. त्या व्यक्तीची अडचण झाल्यास कोण उभे राहील, तेही शेजारी नोंदवावे. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, त्याच न्यायाने रोख रक्कम आणि भेटवस्तूंचा साठा यांवर दोघांच्या सह्या असाव्यात. आदल्या सायंकाळी सर्वांना प्रत्यक्ष जागेवर उभे करून रंगीत तालीम घ्यावी. ध्वनिक्षेपक, जनित्र, पडद्यावरील चित्रे आणि आपत्कालीन दरवाजे यांची तपासणी तेव्हाच होते.

मालकांसाठी एकच काम राखून ठेवावे: पाहुण्यांना भेटणे. आचाऱ्याशी बोलणे, वीज गेल्यावर धावणे, गाडीची किल्ली शोधणे ही कामे त्यांच्याकडे पोहोचता कामा नयेत. त्यासाठी समन्वयकाला ठरावीक रकमेपर्यंत खर्चाचा अधिकार लेखी द्यावा. प्रत्येक गोष्ट मालकांना विचारावी लागत असेल, तर बावन्न माणसे असूनही काम एकाच माणसावर पडते.

हिशेब कक्ष

विक्रेत्याच्या मनात मेळाव्याच्या दिवशी काय असते? गतवर्षीच्या योजनेची सूट अजून खात्यावर आलेली नसते. फुटका आलेला माल परत पाठवूनही त्याची जमा दिसत नाही. जेवणाच्या रांगेत तो हळूच म्हणतो, “अण्णा, आमचं क्रेडिट नोटचं तेवढं बघा की.” अण्णा मान डोलावतात, पुढचा पाहुणा हात जोडतो आणि विषय आणखी एक वर्ष लांबतो.

यासाठी सभागृहाशेजारी एक शांत खोली हिशेबासाठी राखावी. पंधरा दिवस आधी प्रत्येक विक्रेत्याला खातेउतारा पाठवून फरक लेखी मागवावेत. दोनशेपैकी चाळीस जणांनी फरक कळवले आणि प्रत्येकाला दहा मिनिटे दिली, तर काम ४०० मिनिटांचे होते. दोन टेबलांवर ते तीन तास वीस मिनिटांत संपते. प्रत्येकाला वेळ आधीच कळवलेली असावी. दोन लेखापाल, कंपनीच्या दाव्यांचा निर्णय घेणारा अधिकारी आणि पेढीचा एक भागीदार अशी चौघांची येथे नेमणूक असावी. हा भागीदार नव्या पिढीचा असावा. कन्या किंवा सून व्यवसायात असेल, तर कुंकू-अक्षतांचे तबक घेऊन दारात उभे राहण्यापेक्षा तिची योग्य जागा या टेबलामागे आहे. वडिलांकडे न जाता तिने दहा मिनिटांत निर्णय दिला आणि त्यावर सही केली, तर त्या विक्रेत्याला नव्या पिढीची वेगळी ओळख करून देण्याची गरज उरत नाही.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. या दिवशी वसुलीचा तगादा नसावा आणि कोणाच्याही येण्याचा उल्लेख चारचौघांत होऊ नये. मंचावरून सर्वाधिक विक्रीचे सत्कार होत असताना मागच्या रांगेत बसलेला लहान दुकानदारही आपले स्थान पाहत असतो. वीस वर्षे वेळेवर पैसे देणाऱ्या लहान विक्रेत्याचा सत्कार पहिल्या तिघांत झाला, तर पेढी कशाला मान देते, हे सर्वांना आपसूक कळते.

ताटांची खरी संख्या

आचाऱ्याशी करार हमीच्या ताटांवर होतो, म्हणून संख्या तीन दिवस आधी नक्की करावी. दोनशे पाहुणे म्हणजे दोनशे ताटे नव्हेत. पाहुण्यांचे चाळीस वाहनचालक, काम करणारे बावन्न आणि सहा प्रतिनिधी धरले की आकडा २९८ होतो. घरची मंडळी त्यापुढे. चालकांना ‘नंतर बघू’ म्हणून ताटकळत ठेवणाऱ्या मेळाव्याची कथा परतीच्या प्रवासात मालकाच्या कानी पडतेच. कंदमुळे वर्ज्य असलेल्यांच्या भोजनाची मांडणी आणि भांडी वेगळी असावीत, पदार्थांवर स्पष्ट पाट्या असाव्यात आणि गाळून उकळलेल्या पाण्याची सोय एका जबाबदार व्यक्तीकडे असावी. उरलेले अन्न कोठे जाणार, हे आदल्या दिवशीच ठरलेले असावे.

मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंत्राटदाराशीही लेखी करार हवा. माणसांची संख्या, कामाचे तास, मजुरी, पर्यवेक्षकाचे नाव, काम करणाऱ्या महिलांना घरी पोहोचवण्याची जबाबदारी यांचा त्यात उल्लेख असावा. भांडी धुण्यास लहान मुले आणली जाणार नाहीत, अशी अट घालावी. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मोजके अपवाद वगळता सर्वत्र मनाई आहे. काम संपताच मजुरी त्याच दिवशी हातात पडेल, हे यजमानांनी स्वतः पाहावे.

कर आणि परवाने

१ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार, व्यवसायाच्या निमित्ताने एखाद्या निवासी व्यक्तीला वर्षभरात २०,००० रुपयांहून अधिक मूल्याचा लाभ दिल्यास देणाऱ्याने दहा टक्के दराने करकपातीची व्यवस्था करावी लागते. ठरावीक मर्यादेपेक्षा लहान उलाढालीच्या वैयक्तिक व्यावसायिकांना त्यातून सूट आहे. मालाची माहिती देण्यासाठी घेतलेली सभा वेगळी आणि सोन्याचे नाणे किंवा सहल वेगळी. भोजनसेवेवर भरलेला जीएसटी सर्वसाधारणपणे परत जमा मिळत नाही. मोफत वाटलेल्या भेटवस्तूंचेही तेच. अंदाजपत्रक त्यामुळे करासह मांडावे आणि सनदी लेखापालांचा सल्ला मेळाव्याच्या आधी घ्यावा.

ध्वनिमुद्रित गाणी वाजवायची असल्यास त्यांचा परवाना लागतो. लग्नसमारंभास असलेली सवलत व्यापारी कार्यक्रमास लागू नाही. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार सभागृहाच्या अग्निशमन यंत्रणेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत सादर व्हावे लागते. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी ते पाहण्यास मागावे.

मेळाव्यानंतर

मेळावा संपल्यावर दुसऱ्याच दिवशी तक्त्यातील सर्वांनी एक तास एकत्र बसावे आणि काय राहिले, काय चुकले, ते पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवावे. हिशेब कक्षात सही झालेली प्रत्येक क्रेडिट नोट सात दिवसांत विक्रेत्याच्या खात्यावर पडावी. ती वेळेवर पडली नाही, तर मंडप, मिष्टान्न आणि सत्कार यांवरचा सारा खर्च वाया गेला असे समजावे.

यशाचे मोजमाप करण्यास फारसे प्रश्न विचारावे लागत नाहीत. महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या विक्रेत्याचा माल वाटेत अडकतो आणि तो फोन उचलतो. तो क्रमांक कोणाचा लावतो, अण्णांचा की त्या दिवशी टेबलामागे बसून सही करणाऱ्या मुलीचा, एवढे पेढीने पाहावे.