गुन्हा, पाप आणि काळी कथा

पाश्चात्त्य गुन्हेकथेवर लिहिणारे समीक्षक 'नैतिक संदिग्धता' हा शब्दप्रयोग इतक्या सढळ हाताने करतात की, त्याचा नेमका अर्थ विचारण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार भाषाभ्यासाच्या बाजूने करावयाचा आहे. चित्रपटांचा रसास्वाद हा त्याचा विषय नव्हे. या संदिग्धतेला मराठीत जागा कोठे मिळाली आणि कोठे नाकारली गेली, हे पाहिले म्हणजे मूळ कल्पनाही थोडी स्पष्ट होईल.

डॅशिएल हॅमेट यांची 'द माल्टीज फाल्कन' (१९३०) सॅन फ्रान्सिस्कोत घडते, रेमंड चँडलर यांची 'द बिग स्लीप' (१९३९) लॉस एंजेलिसमध्ये. जुन्या इंग्लिश रहस्यकथेत खून म्हणजे एका सुस्थित घरात झालेला विस्कोट असे. खुनी सापडला की घर पूर्ववत होई. कॅलिफोर्नियाच्या कथेत पूर्ववत होण्याजोगे घरच नसते. गुप्तहेराला खुनी सापडतो, परंतु शहर होते तसेच राहते आणि गुप्तहेराचे हातही स्वच्छ राहत नाहीत. जेम्स केन यांच्या कथेवरून बिली वाइल्डर यांनी काढलेल्या 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) या चित्रपटात सारी हकीकत विमा विकणाऱ्या खुन्याच्या कबुलीजबाबातून येते. म्हणजे प्रेक्षकाला आरंभापासून खुन्याच्या 'मी'मध्येच बसविले जाते. अशा चित्रपटांना 'नॉयर', म्हणजे काळे, हे नाव १९४६ साली फ्रेंच समीक्षकांनी दिले. हॉलिवूडची निर्मितिसंहिता १९३४ पासून कडकपणे अमलात आली होती व गुन्हेगाराला शासन झालेले दाखविणे भाग होते. शेवट असा आधीच ठरून गेल्यामुळे लेखकांनी आपली सारी शक्ती मधल्या भागात, म्हणजे मनुष्य घसरतो कसा हे दाखविण्यात, खर्च केली असावी, असे मला वाटते.

आपल्याकडे 'काळा' हा शब्द रहस्यकथेच्या नायकाच्या नावातच आला. बाबूराव अर्नाळकर (१९०६-१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा धनंजय गुप्तहेर आहे. काळा पहाड आणि झुंजार मात्र कायद्याच्या पलीकडे वावरणारे. तथापि त्यांच्या सज्जनपणाविषयी वाचकाला क्षणभरही शंका येत नाही. नायक कायदा मोडतो, नीती मोडत नाही. या कथांत गुन्हा आहे, पाप नाही. आणि पाप असलेच तर ते सर्वस्वी प्रतिपक्षाकडे.

येथे 'गुन्हा' या शब्दाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. मूळ फार्सीत 'गुनाह' म्हणजे पाप, ईश्वराच्या आज्ञेचे उल्लंघन. उर्दू-हिंदीत हा अर्थ आजही जिवंत आहे. मराठीत मात्र तो शब्द कचेरीत स्थिरावला आणि आकसला. ठाण्यात गुन्हा नोंदवितात, पाप नोंदवीत नाहीत. गुन्ह्याला शिक्षा असते, पापाला प्रायश्चित्त. 'अपराध' हा या दोहोंच्या मध्ये कोठे तरी उभा आहे; तो न्यायालयातही चालतो आणि देवापुढे हात जोडतानाही. ज्या भाषेने ही वाटणी इतक्या काटेकोरपणे केली, त्या भाषेत काळी कथा लिहावयाची तर लेखकाला गुन्हा आणि पाप यांच्यामधील अंतरातच शिरावे लागते.

ते अंतर टाळण्याची एक चतुर युक्ती राजा परांजपे यांच्या 'पाठलाग' (१९६४) या चित्रपटात दिसते. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून तो निघाला व १९६६ साली 'मेरा साया' म्हणून हिंदीत आला. पत्नी वारल्यानंतर हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी स्त्री आरोपी म्हणून वकील नायकासमोर उभी राहते. हीच का ती गृहिणी, आणि तीच का गुन्हेगार? हा प्रश्न पूर्णपणे काळ्या चित्रपटाचा आहे. उत्तर मात्र जुळ्या बहिणीचे निघते! एकाच देहातील दोन प्रवृत्ती दोन देहांत वाटून दिल्या की संदिग्धता संपली. कारागिरी म्हणून ही उकल उत्तम आहे. पण प्रश्न त्याहून मोठा होता.

हा प्रश्न न टाळणारी कृती श्री. दा. पानवलकर यांच्या 'सूर्य' या मराठी कथेतून पुढे आली. तिच्या आधारे विजय तेंडुलकर यांनी पटकथा लिहिली आणि गोविंद निहलानी यांनी 'अर्धसत्य' (१९८३) हा हिंदी चित्रपट केला. मुंबईच्या पोलीस दलातील अनंत वेलणकर हा प्रामाणिक अधिकारी. त्याच्या मारहाणीत कोठडीतील एक भुरटा चोर मरतो, आणि त्यातून सुटण्यासाठी त्याला त्याच गुंडाच्या दारी जावे लागते, ज्याच्याविरुद्ध तो झगडत होता. तेथे तो गुंडाचा गळा दाबतो व स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन होतो. कोठडीतील मृत्यू घडला तो वर्दीच्या आडोशाला, म्हणून झाकता येण्याजोगा. दुसरा मात्र उघड खून. तरीही प्रेक्षकाच्या मनाला अधिक बोचतो तो पहिलाच.

पहिल्या मृत्यूची हकीकत मराठीत कशी सांगता येईल? 'त्याने चोराला मारले', 'त्याच्या हातून चोर मेला', 'कोठडीत मृत्यू झाला'. पहिल्या वाक्यात कर्ता 'ने' प्रत्ययासह समोर उभा आहे. तिसऱ्यात तो नाहीसा झाला आहे. सरकारी पत्रकांना ही रचना प्रिय असते. मधली 'हातून' ही रचना सर्वांत बोलकी. ती कर्त्याला नाकारीत नाही, पण त्याचा हेतू काढून घेते. कृती त्याची, इच्छा त्याची नव्हे. मराठी मनुष्य कबुली देताना बहुधा याच रचनेचा आश्रय घेतो, आणि ती पश्चात्तापाची आहे की सुटकेची, हे तिच्या रूपावरून सांगता येत नाही. विद्यार्थ्यांनी पोलिसी जबाबांतील भाषा या दृष्टीने तपासण्यासारखी आहे.

आतापर्यंतच्या उदाहरणांत निदान गुन्हेगार हा कृतीने गुन्हेगार होता. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरविल्या, आणि स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का कागदोपत्री निघाला. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही फासेपारध्यांची वस्ती आहे. सावजासाठी फासे लावणाऱ्यांच्या गळ्यात हा शिक्का कसा पडला, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय होय. कृतीच्या आधीच दोष ठरविणाऱ्या व्यवस्थेत 'खरा गुन्हेगार कोण' हा रहस्यकथेचा प्रश्न उलटा फिरतो. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनाला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ती कल्पित कथा नव्हे, आणि तिला रहस्यकथेच्या पंक्तीत बसविणे अन्यायाचे होईल. परंतु ज्याला चँडलर यांचा गुप्तहेर केवळ पाहुणा म्हणून भेट देतो, त्या जगातून येथे 'मी' बोलतो, आणि पोलीस त्याला खालून पाहताना दिसतात.

पुस्तकाच्या नावातील क्रियापद ध्यानात घेण्यासारखे आहे. 'चोरणे' म्हटले की वस्तू दुसऱ्याची होती हे त्या शब्दातच येते. 'उचलणे' त्याविषयी मौन पाळते. आणि संशयितास घरातून धरून नेले म्हणजेही लोक म्हणतात, 'पोलिसांनी त्याला उचलला.'